सुट्टीचं विमान रद्द झालं? नागपूरहून तिकिटाचे पैसे परत मिळवायचे कसे

नागपूरकराचं सुट्टीचं गणित सरळ असतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, शाळा बंद असतात, आणि ज्याला जमेल तो पंधरा दिवस थंड हवेच्या ठिकाणी पळतो. काश्मीर, हिमाचल, उटी, नाहीतर निदान गोवा. ही तिकिटं जानेवारी-फेब्रुवारीत निघतात, कारण एप्रिलमध्ये भाव हाताबाहेर गेलेले असतात. म्हणजे प्रवासाच्या तीन-चार महिने आधीच घरातली मोठी रक्कम विमान कंपनीकडे जाऊन बसलेली असते.

2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत देशांतर्गत विमानसेवा 25 मार्चला बंद झाली आणि 25 मे रोजी पुन्हा सुरू झाली. नेमके तेच दोन महिने आपल्याकडे फिरायला जायचे. त्यामुळे विदर्भातल्या कितीतरी घरांचे पैसे एकाच वेळी अडकले. काहींना पूर्ण मिळाले, काहींना अर्धेमुर्धे, काहींना फक्त 'क्रेडिट', म्हणजे पुढच्या तिकिटासाठीची जमा, मिळालं आणि तेही वापरायचं राहून गेलं. माझा धंदा तिकिटांचाच आहे, म्हणून हे सगळे प्रकार मी जवळून पाहिले. ज्यांना पैसे मिळाले त्यांची ओळखपाळख मोठी होती असं नाही. त्यांनी तीन-चार गोष्टी योग्य क्रमाने केल्या होत्या. तोच क्रम इथे सविस्तर देतो. साथ पुन्हा आली, निर्बंध लागले, किंवा दुसऱ्या कुठल्या सरकारी आदेशाने विमानं थांबली, तरी वाट हीच राहील.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा

परतावा वेगळा आणि नुकसानभरपाई वेगळी. कस्टमर केअरवर या दोन्हींची सरमिसळ होते आणि प्रवासी तिथेच अडकतो.

विमान रद्द करायचं असेल तर कंपनीने निदान दोन आठवडे आधी कळवावं आणि दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे यांपैकी प्रवाशाला हवं ते द्यावं, असं डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगतो. न कळवता रद्द केलं तर वरून भरपाईही द्यावी लागते. उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर 5,000 रुपये, एक ते दोन तासांचं असेल तर 7,500 आणि त्याहून लांबचं असेल तर 10,000, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. नागपूर-मुंबई उड्डाण मधल्या गटात येतं.

पण ही भरपाई 'असाधारण परिस्थिती'त लागू होत नाही, आणि सरकारी आदेश त्या परिस्थितीत मोडतो. म्हणून टाळेबंदीमुळे विमान रद्द झालं तर 7,500 रुपये मागून काही निघणार नाही. तिकिटाचे पैसे मात्र तुमचेच आहेत. जी सेवा दिलीच नाही तिचे पैसे 'सरकारनेच बंद केलं, आम्ही काय करणार' असं म्हणून कंपनीला ठेवता येत नाहीत. फोनवरचा माणूस 'परिस्थिती आमच्या हातात नव्हती' म्हणाला की शांतपणे सांगा, 'मी भरपाई मागत नाही, परतावा मागतो.' या एका वाक्याने बोलणं रुळावर येतं.

पहिलं काम: 'कॅन्सल'चं बटण दाबू नका

बातमी येते की अमुक राज्याने निर्बंध लावले. घरात चर्चा होते, कोणीतरी मोबाइल उघडतं आणि तिकीट रद्द करून टाकतं. सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. तुम्ही रद्द केलं तर कंपनीचा दंड लागतो. विमान कंपनीने रद्द केलं तर सगळी रक्कम परत मिळते.

एक हिशेब बघा. समजा नागपूर-गोवा तिकीट 5,400 रुपयांचं आहे. त्यात मूळ भाडं 4,000, इंधन अधिभार 500, विमानतळाची शुल्कं 675 आणि जीएसटी 225. नियमाप्रमाणे रद्द करण्याचा दंड मूळ भाडं अधिक इंधन अधिभारापेक्षा जास्त असू शकत नाही. पण स्वस्तातल्या तिकिटावर तो बहुतेकदा त्या मर्यादेला जाऊन टेकतो. म्हणजे तुम्ही स्वतः रद्द केलं तर 5,400 पैकी हातात येतात ती विमानतळाची शुल्कं आणि कर. तेच विमान चार दिवसांनी कंपनीने रद्द केलं असतं तर पूर्ण 5,400 आले असते. चौघांचं कुटुंब आणि जाऊन-येऊन तिकिटं धरली तर 43,200 पैकी 36,000 रुपयांचा प्रश्न असतो, आणि तो फक्त चार दिवस थांबण्यावर अवलंबून असतो.

मग किती थांबायचं? प्रवासाच्या दोन आठवडे आधीपासून रोज कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून बघा. फक्त एसएमएसवर विसंबू नका. एजंटने किंवा पोर्टलने स्वतःचा नंबर टाकलेला असेल तर तुम्हाला एसएमएस येतच नाही. 'मॅनेज बुकिंग'मध्ये आपला मोबाइल आणि ईमेल आधी घालून घ्या. आपलं विमान त्या मार्गावर अजून विक्रीला आहे का तेही बघा. त्या तारखेचं तेच विमान विक्रीतून गेलं असेल तर रद्द झाल्याचा निरोप बहुतेक दोन-तीन दिवसांत येतोच. प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत विमान उडणारच असं दिसत असेल आणि तुम्हाला जायचंच नसेल, तर मात्र सुटण्याआधी तिकीट रद्द करा किंवा तारीख बदला. न कळवता गैरहजर राहिलात तर 'नो-शो' लागतो आणि पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

'नो-शो' झालं तरी, आणि तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी, कायदेशीर कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावीच लागतात. बहुतेक लोक ते मागतच नाहीत. तुम्ही मागा.

रद्द झालेलं विमान 'वेळ बदलली' म्हणून येतं तेव्हा

ही चलाखी ओळखता यायला हवी. निर्बंधांच्या काळात कंपन्या दोन विमानांचे प्रवासी एकाच विमानात बसवत होत्या. निरोपात 'कॅन्सल' हा शब्दच नसायचा. 'युवर फ्लाइट हॅज बीन रिशेड्यूल्ड' एवढंच असायचं, आणि खाली एक 'ॲक्सेप्ट' बटण.

यामागचं कारण समजून घेतलं की कंपनीशी बोलणं सोपं जातं. 25 मे 2020 रोजी विमानं सुरू झाली तेव्हा सरकारने नेहमीच्या उन्हाळी वेळापत्रकाच्या एक तृतीयांश उड्डाणांचीच परवानगी दिली होती. ती मर्यादा हळूहळू वाढत गेली. 2020 च्या दिवाळीच्या आठवड्यात 70 टक्के झाली, डिसेंबरच्या सुरुवातीला 80 टक्के. दुसऱ्या लाटेनंतर 1 जून 2021 पासून ती पुन्हा 50 टक्क्यांवर आली. पुढे 65, 72.5, 85 अशी चढत 18 ऑक्टोबर 2021 पासून उठली. तिकिटं आधीच विकलेली आणि नंतर उड्डाणं कापलेली, असा तो सगळा प्रकार होता. कमी प्रवाशांच्या मार्गांवर कात्री आधी चालते, आणि नागपूरहून दिल्ली-मुंबई सोडली तर बाकीचे मार्ग याच यादीत मोडतात.

म्हणून 'ॲक्सेप्ट' दाबण्याआधी नवी वेळ नीट बघा. देशांतर्गत विमानाला 6 तासांहून जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने आधी कळवून दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे असा पर्याय दिला पाहिजे. विमानाचा नंबर बदलला असेल, तारीख बदलली असेल, किंवा थेट विमानाऐवजी मुंबईमार्गे बसवलं असेल, तर ते तुमचं मूळ विमान राहिलेलं नाही. तुम्हाला चालत असेल तर जरूर घ्या. चालत नसेल तर काहीही न दाबता लेखी कळवा की हा बदल मान्य नाही, पूर्ण परतावा द्या. एकदा 'ॲक्सेप्ट' दाबलं की तुमची संमती नोंदली जाते.

नागपूरचा खास प्रश्न: दोन तिकिटांचा प्रवास

सोनेगावच्या विमानतळावरून श्रीनगर, लेह किंवा बागडोगऱ्याला जायचं तर मध्ये दिल्ली, मुंबई किंवा कोलकाता येतंच. थोडे पैसे वाचवायला आपण काय करतो? नागपूर-दिल्ली एका कंपनीचं घेतो आणि दिल्ली-श्रीनगर दुसरीचं. दोन पीएनआर होतात. शांत काळात हे चालून जातं. निर्बंधांच्या काळात याच सवयीने सगळ्यात जास्त नुकसान झालं.

दिल्ली-श्रीनगर रद्द झालं की त्या कंपनीकडून त्या तुकड्याचे पैसे येतात. नागपूर-दिल्ली मात्र वेळेवर उडणार असतं. ते दिल्लीला जाऊन काय करायचं? तरीही पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास अखंड आहे. तुम्ही गेला नाहीत तर तुम्ही रद्द केलं असं धरलं जातं. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असता तर मधला तुकडा पडल्यावर संपूर्ण प्रवासाचा परतावा मागता आला असता, कारण तुम्ही नागपूर ते श्रीनगर असा एकच प्रवास विकत घेतलेला असतो.

दोन पीएनआर आधीच काढून झाले असतील तर एवढं करा. रद्द झालेल्या तुकड्याचा निरोप जोडून दुसऱ्या कंपनीला लगेच मेल करा आणि दंडाविना तारीख बदलून मागा. इथे परतावा मागू नका, कारण त्यावर तुमचा हक्क नाही. तारीख बदलून देणं कंपनीला सोपं असतं, आणि निर्बंधांच्या काळात बऱ्याच कंपन्या बदलाचं शुल्क माफ करत होत्या. त्यावेळी फक्त भाड्यातला फरक भरावा लागायचा. परतीच्या तुकड्याकडेही लक्ष द्या. एकाच पीएनआरवरचं जाणं रद्द झालं तर येण्याचं तिकीट आपोआप रद्द झालं असं समजू नका, दोन्हींचा परतावा नावानिशी मागा.

क्रेडिट शेल: घ्यायचं की नाही

विमान रद्द झाल्याच्या मेलमध्ये पहिला आणि सगळ्यात ठळक पर्याय 'क्रेडिट शेल'चा असतो. म्हणजे पैसे कंपनीकडेच राहतात आणि तुम्ही नंतर तिकीट काढता. परताव्याचा पर्याय खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो, कधी कधी नसतोच.

डीजीसीएच्या परताव्याच्या नियमात, सेक्शन 3, सीरिज एम, पार्ट 2 मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे: पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही हा निर्णय प्रवाशाचा, आणि कंपनीने तो आपली नेहमीची पद्धत म्हणून लादायचा नाही. नियमाचा हा क्रमांक लिहून ठेवा, मेलमध्ये कामाला येतो.

2020 चा अपवाद समजून घ्यायला हवा. त्या वर्षी कंपन्यांची तिजोरी खरंच रिकामी झाली होती आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'प्रवासी लीगल सेल' या संस्थेच्या याचिकेवर 1 ऑक्टोबर 2020 रोजी निकाल आला. टाळेबंदीच्या काळातच काढलेल्या, त्याच काळातल्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे लगेच परत करायचे. टाळेबंदीच्या आधी काढलेल्या, 24 मे 2020 पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे 15 दिवसांत द्यायचे, आणि कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर 31 मार्च 2021 पर्यंत चालणारं क्रेडिट शेल द्यायचं. ते कुठल्याही मार्गावर वापरता येईल, दुसऱ्या कोणालाही देता येईल, आणि त्यात दर महिन्याला आधी 0.5 टक्का व 30 जून 2020 नंतर 0.75 टक्का भर पडेल. वापरलं नाही तर मुदतीनंतर रोख परतावा.

शेवटचा भाग अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले असं समजून लोक गप्प बसले. प्रत्यक्षात मुदत संपली की रोख पैसे द्यायची जबाबदारी सुरू होत होती.

माझं मत विचाराल तर निर्बंधांच्या काळात क्रेडिट शेल शक्यतो घेऊच नका. कंपनी चालू आहे तोवर त्याला किंमत आहे. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये बंद पडली. गो फर्स्टने मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर विमानं थांबवली. तिची विमानं नागपूरहूनही उडत होती. अशा वेळी प्रवासी हा घेणेकऱ्यांच्या लांबलचक रांगेतला शेवटच्या टोकाचा माणूस असतो. पैसे आधी खात्यात येऊ द्या, पुढचं तिकीट नंतर काढा. ठरावीक तारखेला जायचंच आहे, कंपनी क्रेडिटवर घसघशीत भर देते आहे आणि मुदत निदान वर्षभराची आहे, असं तिन्ही जुळत असेल तरच क्रेडिटचा विचार करा.

पैसे नेमके कोणाकडे अडकले आहेत ते शोधा

प्रतापनगरच्या एका काकू माझ्याकडे तिकिटाचा कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'अरे बाळा, पैसे विमानवाल्याकडे आहेत की पोर्टलवाल्याकडे, तेवढं सांग. बाकी मी बघते.' अगदी बरोबर प्रश्न. तिकीट पोर्टलवरून काढलेलं होतं. विमान कंपनीच्या कागदावर 'रिफंड प्रोसेस्ड' होतं, आणि पोर्टल सांगत होतं की कंपनीकडून काहीच आलेलं नाही.

होतं असं की एजंट किंवा पोर्टल तिकीट काढतं ते आपल्या आगाऊ भरलेल्या खात्यातून, ज्याला आम्ही वॉलेट म्हणतो. विमान कंपनी परतावा करते तो त्याच वॉलेटमध्ये. तिथून तुमच्या खात्यात येण्याची पायरी एजंटच्या हातात असते. म्हणून आधी विमान कंपनीला विचारा: परतावा कोणत्या तारखेला झाला, किती रकमेचा, आणि कोणत्या एजन्सीच्या खात्यात? उत्तर लेखी घ्या. ते हातात आलं की एजंटला टोलवाटोलवी करता येत नाही. काकूंनी तेच केलं. तारखेसकट मेल पोर्टलला पाठवला आणि पैसे आले. फक्त पोर्टलचं सुविधा शुल्क कापलेलं होतं, ते बहुतेकदा परत येत नाही.

डीजीसीएने इथेही प्रवाशाची बाजू घेतली आहे. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची. महामारीच्या काळात यासाठी 30 कामकाजाच्या दिवसांची मुदत होती, क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडे भरलेल्या पैशांसाठी 7 दिवस, आणि काउंटरवर रोखीने घेतलेल्या तिकिटाचे पैसे त्याच कार्यालयात लगेच. डीजीसीए या मुदती बदलत असतं, म्हणून मेलमध्ये तारीख टाकण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत उघडून बघा.

पोर्टलकडे पैसे किती काळ अडकू शकतात याचं उदाहरण सरकारी नोंदीतच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'यात्रा' या पोर्टलची स्वतःहून दखल घेतली. 2021 मध्ये त्यांच्याकडे टाळेबंदीतली 36,276 बुकिंगं, 26 कोटी 25 लाख रुपयांची, प्रलंबित होती. जून 2024 मध्येही 4,837 बुकिंगचे 2 कोटी 52 लाख बाकी होते, आणि त्या प्रवाशांना फोन करून पैसे देण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी माणसं बसवायचा आदेश प्राधिकरणाने दिला. चार वर्षांनीही पैसे मिळाले, आणि ते मिळाले कारण कुठेतरी तक्रारींची नोंद होती. नुसत्या फोनची नोंद कुठे राहत नाही, म्हणून जे काही असेल ते लेखी करा.

मेल कसा लिहायचा

राग, कहाणी, देशाची परिस्थिती, काहीही नको. मेल इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, पण त्यात एवढंच असू द्या:

'पीएनआर अमुक. प्रवासी अमुक. नागपूर ते दिल्ली, तारीख अमुक, विमान क्रमांक अमुक. हे विमान आपण अमुक तारखेला रद्द केल्याचा संदेश सोबत जोडला आहे. मी तिकीट रद्द केलेलं नाही, पर्यायी विमान स्वीकारलेलं नाही आणि क्रेडिट शेलला माझी संमती नाही. डीजीसीएच्या सेक्शन 3, सीरिज एम, पार्ट 2 प्रमाणे पूर्ण रक्कम, अमुक रुपये, मूळ पेमेंटच्या मार्गाने अमुक तारखेपर्यंत परत करावी. तक्रार क्रमांक कळवावा.'

सोबत चार गोष्टी जोडा: ई-तिकीट, पैसे भरल्याचा पुरावा, रद्द झाल्याचा संदेश आणि संकेतस्थळावर 'कॅन्सल्ड' दिसतं त्याचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा. हा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. काही आठवड्यांनी कंपनीच्या पानावरून जुना पीएनआर गायब होतो, आणि मग विमान कोणी रद्द केलं हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही.

उत्तर आलं नाही तर

आधी कंपनीचा तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी आणि त्यावरचा अपिलीय अधिकारी. त्यांची नावं आणि ईमेल संकेतस्थळावर असतात, शोधायला थोडं खोल जावं लागतं. कस्टमर केअरचा तक्रार क्रमांक टाकून त्यांना तोच मेल पाठवा.

मग 'एअरसेवा', नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं तक्रार पोर्टल आणि ॲप. इथे तक्रार टाकली की ती कंपनीच्या नेमलेल्या माणसाकडे जाते आणि उत्तराची नोंद राहते. समाधान न होता तक्रार बंद केली तर ती पुन्हा उघडायला सांगा. सोबतच 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे मराठीतही बोलता येतं. पोर्टल किंवा एजंटविरुद्धची तक्रार इथे जास्त चालते, कारण एअरसेवाचा रोख विमान कंपन्यांवर असतो.

क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे तो व्यवहार बँकेमार्फत उलटवून पैसे परत मागा. 'सेवा मिळाली नाही' हे कारण द्या. साधारण 120 दिवसांची मुदत असते, म्हणून कंपनीच्या आश्वासनांवर महिनेच्या महिने घालवू नका. आधी क्रेडिट शेल स्वीकारलं असेल तर चार्जबॅक बहुधा फेटाळला जातो. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा चुकीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. यूपीआयने भरलेल्या पैशांना हा मार्ग इतका सोपा नाही. सुट्टीची मोठी तिकिटं कार्डावर काढावीत असं मी सगळ्यांना सांगतो ते याचसाठी.

विमान उडालं, पण तुम्हाला जाता आलं नाही

हा सगळ्यात अवघड प्रकार. नोव्हेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर अहवाल सक्तीचा केला, विमानाने येणाऱ्यांसाठी 72 तासांच्या आतला. 2021 च्या फेब्रुवारीत कर्नाटकने महाराष्ट्रातून येणाऱ्यांवर तीच अट घातली. 15 ते 21 मार्च 2021 ला तर आपल्या नागपूर शहरातच कडक टाळेबंदी होती. विमानं मात्र उडत होती. अहवाल वेळेत आला नाही किंवा पॉझिटिव्ह आला आणि प्रवास हुकला, तर कंपनीच्या लेखी तो तुमचा प्रश्न असतो.

इथे पूर्ण परताव्याचा हक्क नाही, म्हणून मागणी वेगळी ठेवा. पॉझिटिव्ह अहवाल विमान सुटण्याआधी कंपनीला पाठवा आणि दंडाविना तारीख बदल मागा. विमान सुटल्यानंतर पाठवलेल्या अहवालाला फारशी किंमत उरत नाही. ज्या राज्यात जायचंय त्याचा आदेश निघाला असेल तर त्याची प्रत जोडा. प्रवास विमा असेल तर त्याची अटींची पुस्तिका उघडून 'महामारी' वगळलेली आहे का बघा. बहुतेक स्वस्त पॉलिसींत ती वगळलेली असते, पण प्रवासी स्वतः आजारी पडला तर काहींत पैसे मिळतात.

हॉटेल आणि टॅक्सीचं या नियमांशी काही देणंघेणं नाही. तिथे फक्त तुमच्यातला करार चालतो. एजंटकडून पूर्ण पॅकेज घेतलं असेल तर विमान, हॉटेल आणि गाडी यांची रक्कम वेगवेगळी लिहून मागा, म्हणजे निदान विमानाचा भाग वरच्या मार्गाने वसूल करता येतो.

परदेशी कंपनीचं तिकीट असेल तर

नागपूरहून दोहा आणि शारजाला थेट जाता येतं, आणि पुढे युरोप-अमेरिकेला जाणारे बरेचजण याच वाटेने जातात. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं भारताने मार्च 2020 मध्ये थांबवली ती 27 मार्च 2022 रोजी सुरू केली. मध्ये फक्त 'वंदे भारत' (अडकलेल्यांना आणायची सरकारी मोहीम) आणि 'एअर बबल' (दोन देशांतला खास करार) यांची विमानं होती. परदेशी कंपनीला तिच्या देशाचे परताव्याचे नियम लागू होतात. पण परतीचा प्रवास युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुरू होणार असेल तर युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम कुठल्याही कंपनीला लागू होतो, आणि तो विमान रद्द झाल्यावर 7 दिवसांत परतावा द्यायला सांगतो. अमेरिकेशी जोडलेल्या तिकिटांची तक्रार तिथल्या परिवहन विभागाकडे करता येते. या विभागाने नोव्हेंबर 2022 मध्ये एअर इंडियाला प्रवाशांचे 12 कोटी 15 लाख डॉलर परत करायला लावले आणि उशिरासाठी 14 लाख डॉलरचा दंडही केला. हे अर्ज ऑनलाइन भरता येतात, तिथे राहायची गरज नाही.

शेवटची पायरी: ग्राहक आयोग

'मुंबई-दिल्लीत जाऊन केस कोण लढणार' म्हणून लोक इथे थांबतात. गरजच नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की दोह्याला, तुमची तक्रार सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर जिल्हा आयोगात चालते. वकील सक्तीचा नाही. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.

तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. आधी कंपनीला 15 दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. तक्रारीत विमान कंपनी आणि पोर्टल दोघांनाही प्रतिपक्ष करा. एकाला सोडलं तर दुसरा सगळा दोष त्याच्यावर ढकलतो. मागणीत मूळ रक्कम, पैसे दिल्या तारखेपासूनचं व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे चारही वेगळे लिहा. मेलची साखळी तारखेच्या क्रमाने लावा, प्रत्येक पानाला क्रमांक द्या आणि तक्रारीच्या मजकुरात त्या पानाचा उल्लेख करा. आयोगासमोर रोज ढीगभर प्रकरणं असतात. नीट लावलेली फाइल सगळ्यांचा वेळ वाचवते.

मुदत दोन वर्षांची आहे. महामारीसाठी सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता, म्हणजे 2020 च्या उन्हाळ्यातल्या तिकिटांचा दावा साधारण 2024 च्या सुरुवातीपर्यंत करता येत होता. त्यानंतर जायचं तर उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज लागतो आणि उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. पोर्टल किंवा कंपनी मधल्या काळात 'तुमचा परतावा प्रक्रियेत आहे' असे मेल पाठवत राहिली असेल, तर तेच मेल त्या अर्जाला जोडा.